मेलेल्यानं उठायचं नाही

"तलवारी इकडं. भाले तिकडं. आणि तुम्ही लोक मेलेले."

सकाळचे आठ वाजले असतील. सुरतेबाहेर हजीऱ्याच्या बाजूला, खाडीकाठच्या सपाट चिखलट मैदानावर आम्ही शंभर-सव्वाशे माणसं उभी होतो. वाटणी करत होता नाना. त्याच्या हातात कागद, कागदावर आमची आडनावं. पाटील, देसले अशी हाक आली की माणूस तलवारीच्या ढिगाकडं जाई. माळी, शिंपी भाल्यांकडं. आमच्या आडनावांवर आल्यावर नानानं वाचायचंच थांबवलं. कागद खाली केला आणि नुसती मान हलवली. त्या मानेच्या इशाऱ्यानं आम्ही तीस-बत्तीस जण एका बाजूला झालो. कुणी ढकललं नाही. सवय असते.

उडिया आणि भय्या कारीगरांची जात नानाला आडनावावरून कळेना. म्हणून ते सरसकट शत्रू झाले.

सिनेमा ऐतिहासिक होता. मुंबईहून आलेली मंडळी, नव्वदच्या दशकातली गोष्ट. मैदानाच्या टोकाला प्लायवूडचा किल्ला उभा केला होता. त्याच्या मागं कारखान्यांच्या चिमण्या दिसत. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत चिमण्या नकोत म्हणून टायर जाळून धुराचा पडदा केला होता. रक्त डाइंग मिलमधल्या लाल रंगाचं, गुळाच्या पाकात कालवलेलं. पराक्रमाची सगळी तयारी झाली होती. फक्त माणसं कमी पडत होती, म्हणून नानाला विचारलं.

नाना म्हणजे बमरोलीच्या आमच्या लूमच्या कारखान्याचा मास्टर. कुणाला लूम द्यायचं, कुणाला घरी बसवायचं, हे त्याच्या हातात. शेठ आठवड्यातून दोनदा स्कूटरवर येऊन जाई. रोजचा देव नानाच. आणि तो आमच्याच गावचा, पाटलाचा मुलगा. माझ्या पिढीत खानदेशातल्या आमच्या गावातून जो सुरतेला आला तो नानाच्या शब्दावर लूमवर उभा राहिला. मीही. मी राहात होतो ती खोलीसुद्धा नानाच्याच चाळीतली. लूम त्याचं, छप्पर त्याचं. त्या आठवड्यात सूत महागलं म्हणून कारखाने बंद होते. नाना म्हणाला, "चला, पिच्चरमधी काम शे." आम्ही टेम्पोत बसलो. नाही म्हणायची पद्धत नव्हती.

माझे बाबाही आले होते. वय साठीचं. लूमच्या खडखडाटानं एका कानानं बहिरे झालेले. त्यांना सिनेमाचं भारी वेड. आपण मेलेल्यांत आहोत हे कळल्यावर ते खूश झाले.

"जनमभर उभं ऱ्हाईसन काम करं," ते म्हणाले. "झोपानं काम पहिल्यांदाच भेटनं."

सगळे हसले. मीही हसलो. आता सांगताना लाज वाटते, पण हसलो.

मी वाचणारा माणूस. डिंडोलीच्या रद्दीवाल्याकडून किलोनं पुस्तकं आणायचो. इतिहासाची तर फार. रद्दीत इतिहास स्वस्त मिळतो. त्यामुळं माझी जीभ खाजत होती. पुण्याचे एक असिस्टंट सर होते. चष्मा, गळ्यात शिट्टी, हातात फाईल. बोलायला फार सभ्य. पगडीचा पेच, अंगरख्याचे बंद, सगळं कागदांवरून तपासून घेत होते. इतिहास अचूक पाहिजे, असं दर दहा मिनिटांनी कुणाला तरी सांगत होते. मी त्यांना गाठलं.

"सर, किल्ल्याखालच्या चौक्या कुणाकडं असायच्या? पहिला वार कुणावर पडायचा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या आमच्या घोळक्याकडं. हुशार माणूस, लगेच समजले, की त्या चौक्या आमच्याच पूर्वजांकडं असत.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पूर्णपणे बरोबर आहे. पण पडद्यावर ते कळणार नाही हो."

आणि फाईल मिटून पगडीचा पेच बघायला गेले.

आमच्या अंगावर फाटके अंगरखे चढवले, बादलीतनं मगानं रक्त ओतलं आणि जागेवर पाडलं. पाडलं म्हणजे खरंच पाडलं. एक माणूस काठीनं दाखवायचा, इथं डोकं, इथं पाय. मग भोंग्यातून सूचना आली, "मुर्दे अपनी जगह से नहीं हिलेंगे." असिस्टंट सरांनी आम्हाला मराठीत नीट समजावलं. शॉट तुकड्यातुकड्यानं घेतात. मेलेला एकदा जिथं पडला तिथंच दिवसभर पडलेला दिसला पाहिजे. नाहीतर पडद्यावर मढं इकडचं तिकडं होतं. याला कंटिन्युइटी म्हणतात. "म्हणून लक्षात ठेवा, मेलेल्यानं उठायचं नाही."

दुपारी जेवण आलं. तलवारी आणि भाले तंबूत टेबलाला बसले. शत्रूसुद्धा तंबूत बसला. आम्हाला पत्रावळी जागेवर आणून दिल्या, कारण कंटिन्युइटी. पाणी वरून ओतलं, कारण आमच्या हातांना रंग होता. बाबांनी न सांगता ओंजळ पुढं केली, कोपर थोडं उचलून, तोंड खाली नेऊन. भांड्याला कुठंही स्पर्श होणार नाही अशी. इतकी सराईत ओंजळ मी त्यापूर्वी फक्त गावात पाहिली होती.

जे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं, त्याला कंटिन्युइटी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

गुळावर माश्या येतात. गालावर बसल्या तर हाकलायच्या नाहीत. मेलेला माश्या हाकलत नाही.

आता घोड्यांचं सांगतो. मुंबईहून शिकवलेले आठ-दहा घोडे आणले होते. तेवढ्यानं सैन्य दिसेना. म्हणून सुरतेतल्या वराती घोड्या भाड्यानं आणल्या. नवरदेवाला बसवतात त्या. फटाक्यांना सरावलेल्या, म्हणजे तोफांना घाबरणार नाहीत, असा कुणीतरी डोकेबाज हिशेब केला होता. पांढऱ्याशुभ्र घोड्या. लढाईत पांढऱ्या चमकतील म्हणून मिलच्या रंगानं तपकिरी केलेल्या. पण खुरांना मेंदी तशीच होती.

त्यातली चांदनी नावाची घोडी रहीमकाकांची. म्हातारा माणूस, अंगात बनियन, खांद्यावर रुमाल. तो सकाळपासून ज्याच्या त्याच्या पाठी लागला होता. डायरेक्टरसाहेबांना लढाईत खरे ढोल-नगारे हवे होते. तोफ फुटायची, घोडदळ सुटायचं आणि ढोल सुरू व्हायचा. रहीमकाका हात जोडून सांगत होता.

"साहेब, ढोल ना वगाडशो. ढोल वागे ने, तो आ ऊभी रही जाय."

ढोल वाजवू नका, वाजला की ही उभी राहील. साधी गोष्ट होती. वरातीत ढोल जोरात वाजू लागला म्हणजे लोक नाचायला लागले. लोक नाचायला लागले की घोडीनं थांबायचं, नवरदेवाला घेऊन गप्प उभं राहायचं. दहा वर्षं तिला हेच शिकवलेलं. तोफेला ती घाबरणार नव्हती. ढोलाला मात्र थांबणार होती.

असिस्टंट सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, ये लड़ाई है, शादी नहीं."

टाळी मिळाली त्यांना. तंबूतले हसले.

तीन वाजता तो शॉट लागला. भरतीची वेळ जवळ येत होती, सगळे घाईत. मी पोटावर पडलेलो, एक गाल चिखलात, एक डोळा किलकिला. हातभर अंतरावर बाबा उताणे. तोफ फुटली. घोड्या सुटल्या. जमिनीला कान असला की टापा पोटात ऐकू येतात. मग ढोल वाजला.

आणि भर धावेत वराती घोड्या थांबल्या. सगळ्या. एकदम. चार पाय रोवून, माना ताठ. तलवारी उगारलेले वीर पुढच्या पुढं लोंबले. मागून मुंबईचे शिकवलेले घोडे येत होते, त्यांना ढोलाचा हा अर्थ माहीत नव्हता. ते धडकले. चांदनी आडवी झाली आणि तिची मान तिच्या अंगाखाली गेली. एक आवाज आला. जळण मोडल्यासारखा.

तिच्यावर नानाचा पुतण्या बसला होता. तो उडून चिखलात पडला, मनगट मुरगळलं. सगळे त्याच्याकडं धावले. बर्फ आला, खुर्ची आली. चांदनी थोडा वेळ पाय झाडत होती. मग थांबली. तिच्याजवळ फक्त रहीमकाका होता.

इथवर जे झालं ते मूर्खपणाचं होतं. मूर्खपणावर मी रागावत नाही. पुढचं ऐका.

डायरेक्टरसाहेबांना भरतीआधी तोच शॉट पुन्हा घ्यायचा होता. ढोलाशिवाय. त्यांनी मैदानावर नजर फिरवली. तीसेक माणसं रक्तात लोळतायत आणि मध्ये एक घोडी. ते म्हणाले, "ये मरी हुई घोड़ी फ्रेम में नहीं चाहिए." एवढ्या मेलेल्यांत जी खरी मेली होती तेवढीच त्यांना नको होती.

"हटवा, हटवा," असिस्टंट सर ओरडले. "कोण आहे? दहा-बारा माणसं लागतील."

आसपास माणसं खूप होती. तलवारी तीस, भाले तितकेच, शत्रू त्याहून जास्त. सगळे उभे, सगळे धडधाकट. नानानं त्यांतल्या एकाकडंही पाहिलं नाही. तो थेट आमच्याकडं वळला. जमिनीकडं.

"अहो, आपले मेलेले शेतस ना," तो सरांना म्हणाला. "ते ओढतील. त्यांना जमतं."

त्यांना जमतं.

तलवारवाल्यांत कुणीतरी फुसकन हसलं. असिस्टंट सरांनी नानाकडं वळून पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला, म्हणून सांगतो. एक क्षण ते काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "प्लीज, जरा लवकर. पाणी वाढतंय."

आता मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. दुसऱ्यांच्या घरांत पूर्वजांच्या तलवारीच्या गोष्टी असतात. आमच्या घरात एकच गोष्ट होती, ती बैलाची. मी जन्मायच्या आधी, बाबा पंचविशीत असताना, आमच्या वस्तीनं एका बैठकीत ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही. आमच्या घरोघरी भिंतीवर ज्यांचा निळ्या कोटातला फोटो असतो, त्यांनी सांगितलं होतं, म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात पाटलाच्या गोठ्यात बैल मेला. निरोप आला. कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शिव्या आल्या. तिसऱ्या दिवशी वास आला. चौथ्या दिवशी पाटलानं नाकाला फडकं बांधलं, भावाला घेतलं आणि स्वतः बैल ओढत गावाबाहेर नेला. दोर आणून दिला त्याच्या दहा-बारा वर्षांच्या मुलानं. तो मुलगा म्हणजे नाना.

हे बाबांनी वस्तीच्या कडेला उभं राहून पाहिलं होतं. "शंभर पावलं चालना आनि वकना," ते सांगायचे, आणि पाटील कसा ओकला ते करून दाखवायचे. आम्ही भावंडं लोळून हसायचो. आमच्या घराण्याची ती एकमेव लढाई. त्यात आम्ही काहीच न करून जिंकलो होतो. किंमत पडली. दुकानदारानं मीठ बंद केलं, शेतातली कामं बंद झाली, विहीर तर आधीच बंद होती. बाबा सुरतेला आले. पण दोर परत हातात घेतला नाही. आम्हाला वारशात जमीन नव्हती, घर नव्हतं. हा न धरलेला दोर होता.

आणि आता नाना आमच्यासमोर दोराचं भेंडोळं घेऊन उभा होता. त्यानं ते बाबांच्या छातीवर टाकलं. उताण्या पडलेल्या माणसाच्या छातीवर.

"ऊठ रे बुवा," तो म्हणाला. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता, "कारखाना सोमवारी सुरू होईल. लूमवर कोन ऱ्हाईल ते मालेच ठरावनं शे."

मी उठायला हात टेकला. बाबांनी माझ्या खांद्यावर तळवा ठेवून मला खाली दाबलं.

"गुपचूप पडी ऱ्हाय. मी शे ना."

आणि ते उठले.

मी पडून राहिलो.

हे वाक्य मी कितीदा लिहिलं आणि खोडलं. बापानं दाबलं म्हणून पडलो, असं म्हणता येईल. लूमची, खोलीची भीती होती, असंही. पण खरं असं की मला सांगितलं होतं, मेलेल्यानं उठायचं नाही, आणि मी ते पाळत होतो. माझं वय तीस. वाचलेली पुस्तकं पोतंभर. गालावर माशी बसली होती, ती मी हाकलत नव्हतो.

बाबा चांदनीजवळ गेले. त्यांच्यामागं आमच्यातलेच सात-आठ जण मान घालून गेले. रहीमकाका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाबांनी वाकून तिचे मागचे दोन्ही पाय जुळवले. दोराचा एक फेरा दिला, दुसरा उलटा, टोक आतून काढलं, गुडघा टेकून आवळलं. बघितलंसुद्धा नाही दोराकडं. चार दशकं होत आली होती. चार दशकं त्या हातांनी ताणा सोडला, बॉबिन बदलली, माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली. आणि ती गाठ त्या हातांत जशीच्या तशी होती.

त्या गाठीनं मला उठवलं. पुस्तकांनी नाही.

मी उठलो. भोंग्यातून आवाज आला, "अरे, वो मुर्दा क्यों खड़ा है?" मी चालत गेलो. दहा-पंधरा पावलं. बाबांनी दोर खांद्यावर घेतला होता. मी दोरावर पाय ठेवला.

"बाबा, सोडा."

"तुले काय व्हयनं? जाय, पड जागावर."

"सोडा."

नाना पुढं आला. "काय नाटक लावलं रे?"

"नाना, घोडी तुमच्या पुतण्याच्या बुडाखाली मेली," मी म्हणालो. "तुम्ही ओढा. दोर कसा द्यायचा ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे."

तो पांढरा पडला. बैलाची गोष्ट फक्त आमच्याच घरात सांगत नसावेत. त्यांच्या घरातही असणार, वेगळ्या तऱ्हेनं.

"शेवटचं इचारस," तो म्हणाला. "ओढस का नही?"

"नाही."

"सोमवारी येऊ नको मग."

"नाही येत."

मी वळून आमच्या माणसांना म्हणालो, उठा. आता तुम्हाला वाटेल, सगळे मेलेले एकेक करून उठले, मैदान भरलं, पाठीमागं सूर्य वगैरे. सिनेमा असता तर उठले असते. उठले चार. दोराजवळच्यांपैकी तिघांनी हात सोडले, बाकीचे दोर धरून खाली बघत राहिले. जमिनीवरच्या एकानं, माझ्याच लूमच्या ओळीतल्या माणसानं, डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, "आम्ही मेलेले शेतस भाऊ. तू जाय."

त्याच्यावर मी तेव्हा चिडलो होतो. आता नाही. त्याला चार पोरं होती. चिडायचं कुणावर हे मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

गोंधळ चालूच होता. पाणी खाडीकडून सरकत येत होतं. डायरेक्टरसाहेब खुर्ची सोडून उठले होते. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागं जीपच्या बॉनेटवर बसून बिडी ओढणारा ड्रायव्हर, भय्या माणूस, खाली उतरला आणि म्हणाला, "साहब, गाड़ी से खींच दूँ?"

असिस्टंट सरांनी कपाळावर हात मारला. "अरे हो! जीप आहे की!"

जीप होती. सकाळपासून होती. आमच्या डोक्यापासून चाळीस पावलांवर. मागं आकडा होता, साखळी होती. त्याच जीपनं सकाळी तोफ ओढून जागेवर आणली होती, सगळ्यांनी पाहिली होती. डायरेक्टरनं, नानानं, इतिहास अचूक हवा म्हणणाऱ्या सरांनी. एक जड वस्तू ओढायची आहे म्हटल्यावर शिकल्या-सवरलेल्या पन्नास माणसांना जीप आठवली नाही. आधी आम्ही आठवलो.

म्हणजे गरज नव्हतीच. हे नीट समजून घ्या. लोक सांगतात, पोट होतं, परिस्थिती होती, कुणीतरी ते काम करायलाच हवं होतं. नव्हतं हवं. जीप होती.

जीप मागं घेतली. रहीमकाका उठला. बाबांनी मारलेली गाठ त्यानं नखांनी सोडवली, रुमाल काढून चांदनीच्या पायांना गुंडाळला आणि त्यावरून नव्यानं सैलसर दोर बांधला.

"आवी गांठ नहीं," तो पुटपुटला. "एने वागशे."

तिला लागेल म्हणाला. मेलेल्या घोडीला. त्या अख्ख्या मैदानात मेलेल्याला काही लागतं असं वाटणारा तो एकच माणूस. बाबा त्याच्याकडं बघत राहिले, हात तसेच पुढं धरून.

मी आणि बाबा हमरस्त्यापर्यंत चालत आलो. अंगावर रक्त तसंच. टेम्पोवाले थांबत नव्हते. एक जण थांबला, घाबरून विचारलं, "शुं थयुं? एक्सिडंट?" बाबा म्हणाले, "पिच्चर." तो हसला आणि बसवून घेतलं.

घरी आल्यावर बाबा मोरीत बसून हात घासत होते. रंग निघून गेला तरी घासत होते. मी विचारलं, तुम्ही का उठलात?

"तुले उठनं पडाले नको म्हनीसन."

मग हात घासतच, "माले वाटे, मी इसरी गऊ. पन हात इसरनात नहीत."

त्यानंतर बैलाची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. शेजारची पोरं म्हणायची, बाबा, पाटील कसा ओकला ते दाखवा. ते म्हणायचे, याद नही. नानानं आमच्याकडून त्या दिवशी घेतलं ते हे. लूम दुसरं मिळतं. खोली दुसरी मिळते. मिळालीही, डिंडोलीला, तीन महिने वणवण करून. नानानं चार कारखान्यांत निरोप धाडला होता, पाचव्याचा मास्टर उडिया होता, त्याला आमच्या गावचा पाटील कोण हे ठाऊक नव्हतं. पण आमच्या घराची एकमेव जिंकलेली लढाई त्यानं एका दोरात परत घेतली. हा हिशेब माझ्याकडून मिटणार नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी एकटाच बघायला गेलो. बाबांना विचारलं नाही. लढाई मिनिटभराची. पडद्यावर ढोल धडाडत होता आणि घोड्या बेफाम धावत होत्या. ढोल नंतर भरला असणार. माझ्या मागचा माणूस शिट्ट्या मारत होता. एका कोपऱ्यात काही मढी दिसली. मी शोधलं. मी नव्हतो. बाबांचे पाय होते, बहुतेक. ओळखू आले ते टाचेच्या भेगांवरून.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत संडास तुंबला. बाईंनी वर्गातून चार मुली उठवल्या. नावं घेऊन. चारही नावं आमच्या गल्लीतली. मुलगी घरी येऊन नुसती हात घासत होती. मी मोरीच्या दारात उभा राहून ते हात बघितले.

दुसऱ्या दिवशी लूम बंद ठेवून शाळेत गेलो. हेडमास्तर फार सभ्य. म्हणाले, "अहो, शिपाई रजेवर होता. कुणीतरी करायलाच हवं होतं ना."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

"तुंबलेलं काढायची गाडी महापालिकेकडं आहे," मी म्हणालो. "एक फोन. तुमच्या टेबलावर फोन आहे. तुम्हाला आधी फोन आठवला की आधी माझी मुलगी आठवली?"

ते घड्याळाकडं बघू लागले. ते बघणं मी ओळखतो.

मी उठलो नाही. गाडी येईपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिलो. गाडी दीड तासात आली. आता माझ्यासमोर कुणीही नावं वाचून माणसं बाजूला काढायला लागला, की मी एवढंच विचारतो, जीप कुठंय? शांतपणे विचारतो, पण उत्तर येईपर्यंत हलत नाही. जीप असते. प्रत्येक वेळी असते. ती आणवल्याशिवाय मी उठणार नाही, आणि माझ्या घरातलं कुणी, पुन्हा कधी, कुणाच्या सांगण्यावरून पडणार नाही.